नितळ पाण्यातला दोष : नागपूरच्या शोधाची हकिकत

पाणी म्हटले की आपल्याला पहिली चिंता गढूळपणाची, दुसरी खारेपणाची. वसईच्या पट्ट्यातल्या माणसाला मचूळ विहीर म्हणजे काय हे सांगायला नको. पण एक दोष असा आहे, की पाणी दिसायला काचेसारखे नितळ, वास नाही, रंग नाही, आणि तरी तेच पाणी लहानपणापासून पिणाऱ्या मुलाच्या दातांवर आधी खडूसारखे पांढरे आणि पुढे तपकिरी पट्टे उमटतात. वर्षानुवर्षे तेच पोटात गेले, तर सांधे आखडतात, कणा ताठतो. हा दोष फ्लोराइडचा.

आपल्याकडच्या काळ्या कातळात तो सहसा कमी. पण महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याच्या बाजूला, २००७ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत लिटरमागे १३ मिलिग्रॅमहूनही जास्त फ्लोराइड आढळले. आपले मानक म्हणते, १ मिलिग्रॅमच्या आत असावे. दुसरी सोयच नसेल तर दीडपर्यंत.

याचा पत्ता लागायलाच किती काळ गेला पाहा. अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्ज गावी मॅके नावाच्या दंतवैद्याने १९०१ साली हे डाग पाहिले. कारण पाण्यात आहे असा त्याला संशय होता, पण पाण्यातले नेमके काय, ते कळायला १९३१ साल उजाडले. ते शोधून काढले चर्चिल नावाच्या रसायनज्ञाने, आणि तो नोकरीला होता ॲल्युमिनियमच्या एका कंपनीत! हा ॲल्युमिनियम गोष्टीत पुन्हा येणार आहे, ध्यानात ठेवा. आपल्या देशात १९३७ साली मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर जिल्ह्यात शॉर्ट, पंडित आणि राघवाचारी यांनी हा रोग नोंदला.

आता तुम्ही म्हणाल, मग पाणी उकळून प्यावे. नाही हो! उकळल्याने पाण्याची वाफ होते, फ्लोराइड भांड्यातच राहते. म्हणजे उरलेल्या पाण्यात ते उलट दाट होते. फडक्याने गाळूनही जात नाही, कारण ते मिठासारखे पाण्यात विरघळलेले असते. त्याला धरून ठेवणारा पदार्थ हवा. परदेशात हाडांचा कोळसा वापरत. तो काम चांगले करतो, पण जनावराच्या हाडातून गाळलेले पाणी आपल्याकडे कित्येक घरांत ओठाला लागायचे नाही. लोकांना नावे ठेवून उपयोग नसतो; पाणी त्यांनाच प्यायचे असते.

नागपूरला १९५८ साली सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची केंद्रीय संशोधन संस्था निघाली. १९७४ पासून तिला आपण 'नीरी' म्हणतो. तिथल्या मंडळींनी स्वस्त वस्तू हाती घेतल्या. लाकडाचा भुसा गंधकाम्लात मुरवून त्याला तुरटीचे पाणी पाजले. मग तशीच दगडी कोळशावर प्रक्रिया केली. १९६८ च्या सुमारास तयार झालेल्या या मालाचे नाव 'डिफ्लुओरॉन-२'. युक्ती अशी : तुरटीत ॲल्युमिनियम असते, ते कोळशाच्या कणांना चिकटते, आणि पाणी त्यातून झिरपताना ॲल्युमिनियम फ्लोराइडला धरून ठेवते. काही काळाने कोळसा 'भरतो'. तेव्हा तुरटीच्या द्रावणाने तो पुन्हा धुवून ताजा करायचा.

इथेच गाडी अडली. कोळसा स्वस्त होता, फ्लोराइडही निघत होते. पण धुणार कोण, किती दिवसांनी, आणि भरला हे ओळखणार कसे? त्याला जाणता माणूस हवा, आणि खेड्यात तो रोज कुठून आणणार? माझ्या मते या शोधाची खरी मोठेपणाची गोष्ट पुढे आहे. नागपूरच्या लोकांनी आपल्याच कोळशाचा हट्ट धरला नाही. १९७५ साली नवलाखे, कुलकर्णी, पाठक आणि बुलुसू यांनी नुसती तुरटी आणि चुना यांची रीत प्रसिद्ध केली. तेव्हाच्या आंध्रातल्या नलगोंडा जिल्ह्यावरून तिला नलगोंडा पद्धत म्हणतात. तोटी असलेली बादली घ्यायची. तोटी तळापासून तीन-चार बोटे वर. तुरटी, आणि तिच्या सुमारे विसाव्या हिश्श्याने चुना घालून दहा मिनिटे सावकाश ढवळायचे, तासभर निवळू द्यायचे, वरचे पाणी काढायचे. तुरटी किती, हे मात्र पाणी तपासूनच ठरते. अंदाजाने टाकाल तर फ्लोराइड राहील किंवा ॲल्युमिनियम वाढेल. तळाचा गाळ विहिरीपाशी ओतू नये, निघालेले फ्लोराइड त्यातच असते. आणि हे ढवळणे रोजचे. ते बहुधा घरच्या बाईच्याच वाट्याला येते.

म्हणून स्वस्त गाळणीचा शोध थांबलेला नाही. भाताचे तूस, चिंचोके, आपल्या कोकणातला जांभा दगड, सगळे तपासून झाले. श्रीलंकेत तर विटांचे तुकडे आणि नारळाच्या करवंटीचा कोळसा भरून घरगुती गाळणी केली. वीट आणि करवंटी आपल्याला का नवी? भाजलेल्या मातीतले ॲल्युमिनियम आणि लोह तिथे काम करतात. मात्र प्रयोगशाळेत शुद्ध पाण्यात फ्लोराइड घालून मिळालेला आकडा विहिरीच्या पाण्यात मिळतोच असे नाही, कारण इतर क्षारही त्याच जागा अडवतात. गुरुजी, अशी गाळणी गावात कुणी आणलीच, तर किमतीआधी विचारा : तुकडे किती दिवसांनी बदलायचे, आणि पाणी कुठे तपासून मिळेल? गाळणी पुरती भरून निकामी झाली, तरी तोटीतून येणारे पाणी पहिल्या दिवसासारखेच नितळ दिसते.