मध्यकर्णस्राव

कानाच्या पडद्यामागच्या पोकळीत, तीव्र संसर्गाची लक्षणे नसताना, द्रव साचून राहणे म्हणजे मध्यकर्णस्राव. ताप नसतो, ठणका क्वचितच. मूल हाकेला ओ देत नाही, टीव्हीचा आवाज वाढवते आणि घरचे त्याला हट्टी समजतात. ओळख द्रवाची असली, तरी हा आजार मुळात हवेचा आहे आणि बरे होणेही हवेवरच अवलंबून असते. मध्यकर्णाचे अस्तर आतली हवा सतत शोषून घेते. गिळताना, जांभई देताना उघडणारी यूस्टेशियन नलिका नाकामागून तिची भरपाई करते. लहान मुलांत ही नलिका आखूड, आडवी आणि नरम असते. सर्दीने ती सुजली किंवा वाढलेल्या ॲडिनॉइडने (नाकामागच्या टॉन्सिलसारख्या ऊतीने) तिचे तोंड अडले, की आतला दाब उतरतो, अस्तर पाझरू लागते आणि पातळ स्राव पुढे गोंदासारखा चिकट होतो. वय वाढते तशी नलिका लांब व तिरकी होते, म्हणूनच सात-आठ वर्षांनंतर हा आजार विरळ होतो. टाळू दुभंगलेल्या मुलांत मात्र नलिका उघडणाऱ्या स्नायूंची पकडच सदोष असते, त्यामुळे त्यांच्यात तो वारंवार आणि दीर्घकाळ आढळतो.

स्रावात जंतू सापडतात, मग प्रतिजैविके का देऊ नयेत, हा आक्षेप रास्त आहे. पण जंतू असणे वेगळे आणि ते मारल्याने नलिका उघडणे वेगळे. प्रतिजैविकांचा फायदा अल्प असतो, त्याने ऐकणे सुधारल्याचा भक्कम पुरावा नाही, आणि जुलाब, पुरळ व जंतूंची प्रतिरोधकता हे तोटे खरे आहेत. ॲलर्जीविरोधी व नाक मोकळे करणारी औषधेही उपयोगी ठरलेली नाहीत. याउलट तीव्र मध्यकर्णशोथानंतर, म्हणजे मध्यकर्णाच्या तीव्र संसर्गानंतर, उरलेला स्राव साधारण 3 महिन्यांत 10 पैकी 9 मुलांत आपोआप ओसरतो. सिगारेटचा धूर आणि उताणे झोपवून बाटलीने दूध पाजणे, या गोष्टी कानाच्या आजाराचा धोका वाढवतात. त्या टाळणे घरच्यांच्या हाती आहे. कानात तेल घालण्याला मात्र अर्थ नाही: धड पडद्यापलीकडे ते पोचत नाही, आणि पडद्याला भोक असेल तर अपायच करते.

तीन महिने थांबल्यास बोलणे मागे पडेल, ही पालकांची भीती क्षुल्लक नाही. पिट्सबर्गमध्ये जॅक पॅराडाइझ यांच्या चमूने तीन वर्षांखालच्या मुलांत लगेच आणि उशिरा ग्रोमेट (कानाच्या पडद्यात बसवायची बारीक नळी) बसवून तुलना केली. 9 ते 11 व्या वर्षापर्यंत भाषेत वा वाचनात लवकर बसवण्याचा फायदा दिसला नाही. ती मुले एरवी निरोगी होती, हे विसरता कामा नये. डाऊन सिंड्रोम, दुभंगलेली टाळू किंवा आधीच बोलण्यात अडचण असलेल्या मुलासाठी हा निष्कर्ष नाही. त्याला अधिक लवकर तपासले पाहिजे. इतरांत तीन महिन्यांनी श्रवणचाचणी करावी. दोन्ही कानांत स्राव टिकून ऐकणे कमी भरले, तर ग्रोमेटचा विचार योग्य: ती इवलीशी नळी बंद पडलेल्या नलिकेचे काम पडद्यातून करते आणि बहुधा वर्षभरात आपोआप गळून पडते. प्रौढाच्या एकाच कानात असा स्राव टिकला, तर नाकामागची गाठ नाही ना, हे दुर्बिणीने पाहिल्याशिवाय वाट पाहू नये.