गुलशनाबादचा गुलाब

नाशिक म्हटले की गोदेचा घाट, काळाराम, पांडवलेणी आणि द्राक्षे आठवतात. पण मोगली अमलात या नगरीचे नाव होते गुलशनाबाद, म्हणजे फुलबागांची वस्ती. पुढे अठराव्या शतकात मराठ्यांचा अंमल बसला आणि ‘नाशिक’ हे प्राचीन नाव पुन्हा रूढ झाले.

त्या फारशीने आपल्याला आणखी एक शब्द दिला, तो ‘गुलाब’. ‘गुल’ म्हणजे फूल आणि ‘आब’ म्हणजे पाणी. फारशीत गुलाब म्हणजे फुलाचा अर्क; आपण मात्र अर्काचेच नाव फुलाला देऊन टाकले! लग्नातल्या गुलाबदाणीत शिंपडतात तोच मूळचा गुलाब.

या अर्कावर तरंगणारी तेलाची साय नूरजहानच्या आईने, अस्मत बेगमने, गोळा केली आणि त्यातून अत्तर निघाले, असे जहांगीर बादशहाने आत्मचरित्रात नोंदवले आहे. साल १६१४ च्या सुमाराचे. तेल वर का यावे? गुलाबगंधातील सिट्रोनेलॉल व जिरॅनिऑल ही द्रव्ये पाण्यात फारशी मिसळत नाहीत, म्हणून ती वर तरंगतात. फिनाइल एथिल अल्कोहोल मात्र पाण्यात बरेच विरघळते. गुलाबपाण्याचा सौम्य दरवळ मुख्यतः त्याचाच. एक किलो तेलासाठी तीन-चार हजार किलो फुले लागतात, हे ऐकले म्हणजे अत्तराच्या फायाचे मोल कळते.

वनस्पती हा खर्च आपल्यासाठी करीत नाही. रातराणी आणि निशिगंध सायंकाळनंतर घमघमतात, कारण त्यांचे पाहुणे निशाचर पतंग. गुलाबाचे निमंत्रण दिवसाचे, मधमाश्यांना. त्या येतात मुख्यतः परागासाठी, आणि जाताना फुलाचे काम करून जातात.

आज दिंडोरी तालुक्यातील जानोरी-मोहाडीच्या हरितगृहांतून लांब दांड्याचे, टपोरे गुलाब दूरदूरच्या बाजारांत जातात. त्यांनी अनेक घरांत चार पैसे आणले. पण अशा फुलांना बहुधा वास नसतो. वाण निवडताना रंग, दांडा आणि टिकाऊपणा पाहिला गेला. सुगंध मागे पडला. २०१५ साली फ्रेंच शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की जिरॅनिऑल घडवण्यात गुलाबाचे एक विशिष्ट विकर कामी येते, आणि निर्गंध वाणात त्याचे जनुक जवळजवळ निजलेले असते. ज्या फुलाला आपण त्याच्या सुवासिक पाण्याचे नाव दिले, त्यातून तो सुवासच निघून गेला!

परसातला गावठी गुलाब दोन दिवसांत पाकळ्या ढाळतो, बाजारात त्याला मान नाही. परंतु गुलकंदाला तोच लागतो. अभ्यंगस्नानानंतर अत्तराचा फाया कानात ठेवाल तेव्हा त्याची आठवण ठेवा; आणि अंगणात जागा असेल तर एक कलम जरूर लावा.