कॉर्व्हेट, रौप्यमहोत्सवी आवृत्ती (१९७८)

कॉर्व्हेट या अमेरिकन स्पोर्ट्स कारच्या, म्हणजे दोनच माणसे बसतील अशा ठेंगण्या आणि वेगवान मोटारीच्या, निर्मितीला २५ वर्षे झाल्याचे निमित्त साधून जनरल मोटर्स या उद्योगसमूहाच्या शेव्हरोले विभागाने १९७८ मध्ये दोन विशेष आवृत्त्या बाजारात आणल्या. त्यांपैकी दुरंगी रुपेरी गाडी ‘रौप्यमहोत्सवी आवृत्ती’ म्हणून, तर काळी-रुपेरी गाडी ‘पेस कार प्रतिकृती’ म्हणून ओळखली जाते. रौप्यमहोत्सवाला रुपेरी रंग हा योग मराठीप्रमाणे इंग्रजीतही शब्दातच दडलेला असल्याने रंगाची निवड करताना कंपनीला फारसा विचार करावा लागला नसावा.

जानेवारी १९५३ मध्ये न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अॅस्टोरिया हॉटेलात भरलेल्या ‘मोटोरामा’ या प्रदर्शनात हार्ले अर्ल यांच्या रचना विभागाने घडवलेली पहिली कॉर्व्हेट मांडण्यात आली, आणि त्याच वर्षी मिशिगन राज्यातील फ्लिंट येथे ३०० गाड्या जवळजवळ हातानेच बांधण्यात आल्या. त्या सर्व पांढऱ्या होत्या, सर्वांची आतली सजावट लाल होती आणि पत्र्याऐवजी फायबरग्लासचे, म्हणजे राळेत बसवलेल्या काचतंतूंचे, बाह्यांग हे त्यांचे वैशिष्ट्य होते. ते पुढील प्रत्येक पिढीत टिकून राहिले. कॉर्व्हेट हे नावही मुळात जलवाहतुकीच्या रक्षणासाठी वापरल्या जाणाऱ्या एका छोट्या, चपळ युद्धनौकेचे आहे.

१९७८ च्या गाडीचा मूळ सांगाडा १९६३ पासूनचा आणि बाह्यांग १९६८ पासूनचे असल्याने तोवर ते जुने झाले होते. शिवाय प्रदूषणाचे नियम आणि इंधनटंचाई यांमुळे इंजिनांची धारही बोथट झाली होती. ५.७ लिटरच्या मूळ इंजिनाची शक्ती १८५ अश्वशक्ती, तर जास्त पैसे मोजून मिळणाऱ्या ‘एल-८२’ या इंजिनाची २२० अश्वशक्ती होती. साठच्या दशकातील आकडे याहून बरेच मोठे दिसतात. परंतु तेव्हा पंखा, सायलेन्सर इत्यादी जोडसाधने न लावता इंजिनाची शक्ती मोजत असत आणि ही पद्धत १९७२ पासून बदलली, त्यामुळे सगळीच घट खरी मानता येत नाही. नव्या पिढीची गाडी दूर असताना जुन्या बाह्यांगातच केलेला महत्त्वाचा बदल म्हणजे मागची मोठी, वळणदार काच होय. तिच्यामुळे मागचे दिसू लागले आणि सामानाला जागाही वाढली, मात्र ती काच उघडत नसे. त्यामुळे बॅग ठेवायची तर दार उघडून, आसन पुढे वाकवून, त्याच्या पाठीवरून ती आत ढकलावी लागे. उघडणारी काच १९८२ च्या ‘कलेक्टर’ आवृत्तीत आली.

रौप्यमहोत्सवी आवृत्ती ही वस्तुतः ‘बी२झेड’ या संकेताने नोंदवला जाणारा रंगाचा एक पर्याय होती. गाडीचा वरचा भाग फिक्या आणि खालचा गडद रुपेरी रंगाचा असून दोहोंच्या सीमेवर बारीक रेघा ओढलेल्या असत; १९६१ नंतर कारखान्यातून दुरंगी कॉर्व्हेट बाहेर पडण्याची ही पहिलीच वेळ होती. या रंगासाठी ३९९ डॉलर मोजावे लागत आणि त्याच्याबरोबर अॅल्युमिनियमची चाके व स्पोर्ट आरसे घेणे बंधनकारक होते. संख्येवर कोणतीही मर्यादा नव्हती आणि अशा १५,२८३ गाड्या तयार झाल्या. पंचविशीचे बोधचिन्ह तर त्या वर्षीच्या प्रत्येक कॉर्व्हेटवर होते.

खरी गडबड झाली ती दुसऱ्या गाडीवरून. इंडियानापोलिसच्या ५०० मैलांच्या शर्यतीत स्पर्धकांच्या पुढे ठरावीक वेगाने धावून त्यांना सुरुवातीच्या रेषेपर्यंत आणणाऱ्या मोटारीला पेस कार म्हणतात, आणि हा मान कॉर्व्हेटला १९७८ मध्ये प्रथमच मिळाला. तिच्या प्रतिकृती विकताना १९५३ च्या स्मरणार्थ ३०० गाड्या काढण्याचा विचार आधी होता. पुढे दर वर्षामागे १०० या हिशेबाने २,५०० चा आकडा आला, आणि अखेरीस देशातील प्रत्येक विक्रेत्याला निदान एक गाडी मिळावी म्हणून ६,५०२ गाड्या बांधल्या गेल्या. वर काळा, खाली रुपेरी, मध्ये लाल रेघ, पुढे-मागे हवेचा दाब साधणाऱ्या पट्ट्या, छताला काढता येणाऱ्या काचा आणि पुढच्या वर्षासाठी राखून ठेवलेली नवी हलकी आसने असा तिचा थाट होता. दारांवर लावायची शर्यतीची अक्षरे सुटीच गाडीत ठेवून दिलेली असत. ती चिकटवायची की नाही हे मालकाने ठरवायचे.

मूळ कॉर्व्हेटची छापील किंमत सुमारे ९,३५२ डॉलर असताना प्रतिकृतीची १३,६५३ डॉलर होती. मार्च १९७८ मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने या गाडीभोवतीच्या सट्ट्याची बातमी दिल्यावर वाहनाशी एरवी संबंध नसलेले लोकही रांगेत उभे राहिले आणि छापील किमतीच्या दुप्पट मागणी होऊ लागली. अनेकांनी गाडी न चालवता, आसनांवरचे प्लॅस्टिकही न काढता, झाकून ठेवली. नेमके त्यामुळेच कोऱ्या गाड्यांचा साठा एवढा शिल्लक राहिला की दुर्मिळतेचा भाव त्यांना फारसा मिळाला नाही. दोन्ही आवृत्त्या मिळून २१,७८५ गाड्या होतात आणि त्या वर्षीचे एकूण उत्पादन ४६,७७६ होते. म्हणजे जवळजवळ निम्मी कॉर्व्हेट ‘विशेष’ होती. त्यानंतरची पस्तिसाव्या वर्षाची शुभ्र आवृत्ती (१९८८) मात्र २,०५० गाड्यांवर थांबली.

साध्या गाडीला काळा-रुपेरी रंग देऊन ती प्रतिकृती म्हणून खपवण्याचे प्रकार होत असल्याने पारख क्रमांकावरून करतात. पुढच्या काचेजवळच्या पट्टीवरील ओळखक्रमांकातले शेवटचे सहा आकडे प्रतिकृतीत ९ ने, तर त्या वर्षीच्या इतर कॉर्व्हेटमध्ये ४ ने सुरू होतात. रौप्यमहोत्सवी रंगाच्या गाडीला असा वेगळा क्रम नाही. तिच्या बाबतीत इंधनटाकीवर कारखान्याने चिकटवलेला पर्यायांचा तक्ता शिल्लक असेल, तर त्यावरील ‘बी२झेड’ ही नोंद पाहतात.