जहाल आणि मवाळ : महाराष्ट्रातील पक्षभेदाचा उगम

जहाल आणि मवाळ हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्यात आकाराला आलेले आणि पुढे अखिल भारतीय काँग्रेस व्यापणारे दोन राजकीय पक्ष. जहाल स्वतःला ‘राष्ट्रीय पक्ष’ म्हणवत, मवाळ ‘प्रागतिक’. बाळ गंगाधर टिळक पहिल्यांचे पुढारी. महादेव गोविंद रानडे, गोपाळ कृष्ण गोखले आणि मुंबईचे फिरोजशहा मेहता दुसऱ्यांचे. हे पक्ष १९०७ मध्ये सुरतेला जन्मले असे शालेय पुस्तके शिकवतात. प्रत्यक्षात सुरतेला फक्त बोभाटा झाला. फूट पडली ती बारा वर्षे आधी, पुण्यात, एका सभेच्या कार्यकारी मंडळाच्या निवडणुकीत.

ती संस्था म्हणजे पुणे सार्वजनिक सभा. पर्वती देवस्थानच्या कारभाराबद्दलच्या तक्रारींतून २ एप्रिल १८७० रोजी ती उभी राहिली. गणेश वासुदेव जोशी यांनी तिच्यासाठी इतके झिजून काम केले की लोक त्यांना ‘सार्वजनिक काका’च म्हणू लागले. सभेचा एक नियम आजही थक्क करतो. सभासद व्हायचे तर किमान पन्नास प्रौढ माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. मतपेटीचा देशात मागमूस नसताना प्रतिनिधित्वाची ही घरगुती सोय पुणेकरांनी करून ठेवली होती. रानडे १८७१ मध्ये पुण्यास आले आणि सभेचा मेंदू बनले. १८७६-७७ च्या दुष्काळात सभेने गोळा केलेली माहिती सरकारलाही वाचावी लागली.

पुण्यातल्या वादाला सुरुवातीला राजकारणाचा वास नव्हता. टिळक आणि गोपाळ गणेश आगरकर यांनी १८८१ मध्ये ‘केसरी’ आणि ‘मराठा’ ही पत्रे मिळून काढली. आधी सामाजिक सुधारणा की आधी राजकीय हक्क, या प्रश्नावर त्यांचे फाटले. आगरकरांनी १८८७ मध्ये ‘केसरी’ सोडला आणि पुढल्या वर्षी ‘सुधारक’ काढला. त्याची इंग्रजी बाजू काही काळ तरुण गोखले सांभाळत. टिळक १८९० मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले. संमतिवयाच्या कायद्याने १८९१ मध्ये वयाची मर्यादा दहावरून बारावर नेली, तेव्हा दोन्ही बाजूंची पत्रे एकमेकांवर तुटून पडली.

मात्र या भेदाच्या रेषा वाटतात तितक्या सरळ नव्हत्या. १८९० मध्ये पंचहौद मिशनमधल्या एका कार्यक्रमात पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे आली. कोणी प्यायले, कोणी कप नुसता हातात धरला. गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावे ‘पुणेवैभवा’त छापून आणली आणि शहरात ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचा वाद, उठले. त्या यादीत रानडे होते तसे टिळकही होते. आपण काशीत प्रायश्चित्त घेतल्याचे टिळकांनी सांगितले. रानड्यांनीही पुढे प्रायश्चित्त घेतले, आणि त्यांच्यावर नाराज झाले ते सुधारकच! एका कपाने इतकी माणसे अडचणीत आणल्याचे दुसरे उदाहरण पुण्याच्या इतिहासात सापडणे कठीण.

निर्णायक वर्ष १८९५. जुलैमध्ये सभेच्या कार्यकारी मंडळाची निवडणूक झाली आणि टिळकपक्षाने बहुमत मिळवून सभा ताब्यात घेतली. पाव शतक रानड्यांच्या सल्ल्याने चाललेली संस्था एका दुपारी हातची गेली. त्याच वर्षी डिसेंबरात काँग्रेसचे अधिवेशन पुण्यात भरायचे होते. काँग्रेसच्या मांडवात दरवर्षी भरणारी सामाजिक परिषद या वेळी तिथे भरू द्यायची नाही, असा सनातनी मंडळींचा हट्ट होता. प्रकरण हातघाईवर येणार असे दिसताच रानड्यांनी परिषद दुसरीकडे हलवली. टिळकांनी त्याआधीच काँग्रेस अधिवेशनाचे चिटणीसपद सोडले होते. गोखले सार्वजनिक सभेत काही महिने टिकले, पण पुढच्या वर्षी बाहेर पडले. १८९६ च्या अखेरीस रानडे-गोखल्यांनी ‘डेक्कन सभा’ स्थापली. आता एकाच शहरात दोन सभा होत्या आणि दोघींचा दावा एकच होता : लोकांच्या वतीने आम्ही बोलतो.

अशी घडण जगात इतरत्रही झालेली आहे. अमेरिकेची राज्यघटना लिहिणाऱ्यांनी पक्षांची कल्पनाच केली नव्हती, आणि जॉर्ज वॉशिंग्टन यांनी १७९६ च्या निरोपाच्या निवेदनात पक्षबाजीपासून सावध राहायला सांगितले. तोवर त्यांच्याच मंत्रिमंडळातले हॅमिल्टन आणि जेफर्सन राष्ट्रीय बँकेच्या प्रश्नावरून दोन तट करून बसले होते, आणि प्रत्येकाच्या पाठीशी एक वर्तमानपत्र होते. १७९८ मध्ये तिथेही राजद्रोहाचा कायदा झाला. फरक इतकाच, पण तो मोठा : अमेरिकेत भांडण सत्तेसाठी होते आणि १८०० च्या निवडणुकीत सत्ता खरोखर एका पक्षाकडून दुसऱ्याकडे गेली. पुण्याच्या दोन्ही पक्षांना जिंकायला राज्यच नव्हते. म्हणून त्यांची लढत शाळा, सभा, मंडप आणि छापखाने यांच्यावर झाली.

नव्या सार्वजनिक सभेने १८९६-९७ च्या दुष्काळात गावोगाव माणसे पाठवून शेतकऱ्यांना दुष्काळी कायद्यातले त्यांचे हक्क समजावले. सरकारने १८९७ मध्ये सभेची मान्यता काढून घेतली. त्याच वर्षी पुण्यात प्लेग, प्लेग अधिकारी रँडचा खून आणि टिळकांना राजद्रोहाबद्दल अठरा महिन्यांची शिक्षा. गोखले तेव्हा इंग्लंडात होते. प्लेगच्या तपासणीत सोल्जरांनी केलेल्या अत्याचारांचे आरोप त्यांनी तिथे जाहीर केले, परत आल्यावर पुरावा उभा करता आला नाही आणि त्यांनी माफी मागितली. ही माफी जहालांनी त्यांना कधी विसरू दिली नाही. एक तुरुंगात गेला, दुसऱ्याने माफी मागितली : सामान्य वाचकाने दोन पक्षांची ओळख याच दोन चित्रांवरून केली, आणि ती गोखल्यांवर अन्याय करणारी होती.

बंगालच्या फाळणीनंतर हा पुणेरी वाद देशाचा झाला. १९०६ च्या कलकत्ता अधिवेशनात दादाभाई नौरोजींच्या अध्यक्षतेखाली स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार आणि राष्ट्रीय शिक्षण यांचे ठराव झाले. पुढचे अधिवेशन नागपूरला ठरले होते; तिथे जहालांचा जोर पाहून मेहतांच्या पक्षाने ते सुरतेला नेले. मुंबईहून निघालेल्या प्रतिनिधींच्या गाड्या भाईंदरची खाडी ओलांडून उत्तरेला गेल्या त्या समेटाच्या तयारीने नव्हे. २७ डिसेंबर १९०७ रोजी टिळक अध्यक्षनिवडीवर सूचना मांडायला व्यासपीठावर चढले, त्यांना परवानगी नाकारली गेली आणि ते हाताची घडी घालून उभे राहिले. तेवढ्यात मांडवातून एक मराठी जोडा भिरभिरत आला आणि सुरेंद्रनाथ बॅनर्जी व मेहता यांना लागला. खुर्च्या उडाल्या, पोलिसांनी मांडव रिकामा केला. तिथे हजर असलेल्या नेव्हिन्सन या इंग्रज पत्रकाराने मात्र आणखी एक गोष्ट टिपली : अंगावर येणाऱ्या गर्दीपासून टिळकांना वाचवायला दोन्ही हात पसरून उभे होते ते गोखले.

१९०८ मध्ये टिळक राजद्रोहाच्या शिक्षेवर मंडालेला गेले आणि काँग्रेस मवाळांच्या हाती राहिली. गोखले १९ फेब्रुवारी १९१५ रोजी वारले. त्यांच्या अंत्ययात्रेत टिळकांनी त्यांचा गौरव केला. १९१६ मध्ये लखनौला दोन्ही पक्ष पुन्हा एकत्र आले, पण दोनच वर्षांत मवाळांनी काँग्रेस सोडून मुंबईत आपली वेगळी लिबरल परिषद भरवली.

दोन्ही पक्षांचे पुढारी बहुतांश पुण्या-मुंबईचे सुशिक्षित, आणि पुण्यात तर प्रामुख्याने ब्राह्मण. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये स्थापलेल्या सत्यशोधक समाजाला या भांडणात फारसा रस नव्हता, आणि सार्वजनिक सभा नक्की कोणत्या ‘सार्वजनिकां’ची, हा प्रश्न फुल्यांनी आधीच उभा केला होता. त्याचे उत्तर मतदारांनी दिले. टिळकांनी एप्रिल १९२० मध्ये कौन्सिलच्या निवडणुकीसाठी ‘काँग्रेस डेमोक्रॅटिक पक्ष’ काढला, पण १ ऑगस्टला ते गेले आणि काँग्रेसने निवडणुकीवर बहिष्कार घातला. मुंबई प्रांताचे शिक्षणखाते गोखल्यांचे शिष्य रँग्लर र. पु. परांजपे यांच्याकडे आले. १९२३ च्या निवडणुकीनंतर हे खाते ब्राह्मणेतर पक्षाच्या भास्करराव जाधवांकडे गेले.