राणीसाहेबांचा गोलंदाज
गावाकडचे पाहुणे आले की आपण झाशीकर त्यांना आधी गणेश मंदिर दाखवतो. १८४२ साली गंगाधरराव व लक्ष्मीबाईंचा विवाह तेथेच लागला. मग किल्ला. 'कडक बिजली' तोफेपाशी फोटो निघतात. आतल्या गुलाम गौस खान, खुदाबक्ष व मोतीबाई यांच्या समाधीपाशी मात्र क्वचितच कोणी थांबते. गौस खान हे राणीसाहेबांचे गोलंदाज. १८५८ च्या वेढ्यात सर ह्यू रोजच्या तोफांना उत्तर देता देता त्यांनी देह ठेवला. त्याच वेढ्यात अडकलेल्या वरसईच्या विष्णुभट गोडसे यांनी 'माझा प्रवास'मध्ये राणीसाहेबांच्या 'विलायती', म्हणजे अफगाण मुसलमान, शिपायांचे लढणे नोंदवले आहे. भटजी सोवळे पाळणारे, पण लिहिताना हात आखडला नाही. आपल्या व्याख्यानांत मात्र ही नावे गळतात. यंदा बालगोपाळांची सहल किल्ल्यावर नेऊ, तेव्हा तोफेआधी समाधीकडे वळू.