दुपारी तीन ते सहा

मंडळी, 'शिकवणी' हा शब्द आपल्या घरांतून काही गेला नाही. आपण पुण्या-मुंबईत क्लासला जात होतो, आता मुलांना कुमॉनला सोडतो. फी आपल्या खिशातून जाते, म्हणून तिचा हिशेब आपल्याला तोंडपाठ असतो. पण याच अमेरिकेत, गरीब वस्त्यांतल्या हजारो सरकारी शाळांत शेवटची घंटा झाल्यावर संध्याकाळी सहापर्यंत मुलांची शिकवणी चालते, आणि तिची फी सरकार भरतं. मी काही वर्षं लॉस एंजेलिसजवळच्या एका हायस्कूलमध्ये मंगळवारी बीजगणित शिकवायला जातो. समोर बसणाऱ्या मुलांना सरकारी कागदांत 'ॲट रिस्क' म्हणतात. मुलांना हा शब्द माहीत आहे आणि ती त्यावर विनोदही करतात.

हा पैसा कुठून येतो, या कुतूहलाने मी वाचायला लागलो. वाचता वाचता लक्षात आलं की पैसा देण्याचं कारण दर पिढीला बदलत गेलं आहे. आमच्या कन्सल्टिंगच्या धंद्यात हे नेहमीचंच आहे. नवा स्पॉन्सर आला की जुन्याच प्रोजेक्टला नवं नाव आणि नवं उद्दिष्ट मिळतं, आतला कोड तोच राहतो.

पहिलं मोठं कारण होतं युद्ध. दुसऱ्या महायुद्धात बायका विमानांच्या आणि जहाजांच्या कारखान्यांत कामाला लागल्या. शाळा सुटल्यावर गळ्यात घराची किल्ली अडकवून फिरणाऱ्या पोरांचं करायचं काय, हा प्रश्न तेव्हा थेट उत्पादनाचा होता. 1940च्या लॅनहॅम कायद्याचा पैसा खरं तर युद्धामुळे फुगलेल्या गावांत घरं आणि सोयी उभारण्यासाठी होता. 1943 पासून त्यातूनच पाळणाघरं आणि शाळकरी मुलांची शाळेनंतरची देखभाल सुरू झाली. युद्ध संपलं, आणि 1946च्या फेब्रुवारीत हा पैसाही थांबला. कॅलिफोर्नियाने मात्र स्वतःच्या तिजोरीतून ही केंद्रं पुढे चालू ठेवली, हे या राज्यात राहणाऱ्यांनी अभिमानाने सांगावं.

पुढची चाळीसेक वर्षं मी भराभर ओलांडतो. 1965 मध्ये गरिबीविरुद्धच्या मोहिमेत 'अपवर्ड बाउंड' आलं, गरीब घरांतल्या हायस्कूलच्या मुलांना कॉलेजपर्यंत नेण्यासाठी. 1988 मध्ये लॉस एंजेलिसचे महापौर टॉम ब्रॅडली यांनी 'एलएज बेस्ट' हा प्राथमिक शाळांतला कार्यक्रम सुरू केला.

मग 1990च्या दशकात दुसरं कारण आलं, भीतीचं. अल्पवयीन मुलांच्या हिंसक गुन्ह्यांतल्या अटका 1994 मध्ये शिखरावर होत्या. जॉन डियुलिओ या प्राध्यापकांनी 'सुपरप्रेडेटर' मुलांची लाट येणार असं भाकीत केलं. ती लाट आलीच नाही, उलट गुन्हे घटत गेले. पण त्या शब्दाने पुष्कळ मुलांचं नुकसान केलं. त्याच काळात पोलिसांच्या नोंदींवरून आणखी एक गोष्ट पुढे आली, आणि ती खरी होती. शाळेच्या दिवशी मुलांचे हिंसक गुन्हे रात्री नव्हे, तर दुपारी तीनच्या सुमारास, शाळा सुटल्या सुटल्या सर्वांत जास्त होतात. 'तीन ते सहा' हा तेव्हापासून राजकारणातला शब्दच झाला.

आता गंमत पाहा. 'ट्वेंटी-फर्स्ट सेंच्युरी कम्युनिटी लर्निंग सेंटर्स' ही आजची मुख्य केंद्रीय योजना 1994च्या कायद्यातली. मूळ कल्पना अशी की शाळेची इमारत संध्याकाळी रिकामी का ठेवायची? गावातल्या म्हाताऱ्यांपासून सगळ्यांना ती वापरू द्या. क्लिंटन सरकारने तिचा रोख शाळेनंतरच्या मुलांकडे वळवला आणि पैसा धो धो वाढला. 1998 मध्ये 4 कोटी डॉलर होते, ते 2002 मध्ये 100 कोटी झाले. चार वर्षांत पंचवीसपट!

त्या 2002 पासून 'नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड' कायद्याखाली ही योजना राज्यांकडे गेली आणि तिसरं कारण चिकटलं, अभ्यासातली प्रगती. तिथेच योजना अडचणीत आली. 2003च्या फेब्रुवारीत मॅथेमॅटिका या संशोधन संस्थेचा सरकारने करवून घेतलेला अहवाल आला. मुलांच्या गुणांत फारसा फरक नाही, आणि मिडल स्कूलची मुलं तर नियमित येतसुद्धा नाहीत, असा त्याचा सूर होता. बुश सरकारने लगेच 100 कोटींचे 60 कोटी करण्याचा प्रस्ताव मांडला. मे महिन्यात सिनेटच्या समितीपुढे त्याविरुद्ध साक्ष द्यायला त्यांच्याच पक्षाचे अर्नोल्ड श्वार्झनेगर गेले. तेव्हा ते गव्हर्नर नव्हते. अखेर ती कपात झाली नाही.

अहवाल खोटा होता असं मी म्हणणार नाही. पण मोजमाप कशाचं करायचं, हा खरा प्रश्न आहे. माझ्या वर्गातला एक मुलगा स्पष्ट सांगतो की तो गणितासाठी येत नाही. वडील रात्रपाळी करून दिवसा झोपलेले असतात, घर एका खोलीचं, आवाज करायचा नाही. तो साडेपाचपर्यंत कोपऱ्यात बसतो आणि दोन गणितं करतो. ती कधी कधी बरोबरही येतात. गुणांच्या तक्त्यात तो कुठे दिसणार? 1995 मध्ये 'बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स'च्या मेंटरिंगचा एक अभ्यास झाला होता. निम्म्या मुलांना मेंटर दिला, निम्म्यांना प्रतीक्षा यादीत ठेवलं. दीड वर्षाने पाहिलं तर मेंटर मिळालेल्या मुलांत अमली पदार्थांना नव्याने हात लावण्याचं प्रमाण 46 टक्क्यांनी कमी होतं आणि शाळा बुडवणंही निम्म्याने. तिथे एक मोठं माणूस ठरल्या वेळी भेटत होतं, एवढंच.

कॅलिफोर्नियात श्वार्झनेगर यांचाच 49 क्रमांकाचा प्रस्ताव मतदारांनी 2002 मध्ये मंजूर केला होता. त्यातून 2006-07 पासून प्राथमिक आणि मिडल स्कूलसाठी वर्षाला 55 कोटी डॉलर मिळू लागले. कायदा मतदारांनी केलेला, म्हणून 2008 नंतरच्या मंदीतही तो पैसा वाचला. पण दर ठरला मुलामागे दिवसाला साडेसात डॉलर. 2007 मध्ये राज्याचं किमान तासाचं वेतनही साडेसातच होतं. 2017 मध्ये ते मोठ्या नोकरीदात्यांसाठी साडेदहा झालं, तरी मुलामागचा दर तिथेच अडकून होता. त्यानंतर कुठे तो वाढला. वर पैसे हजेरीप्रमाणे मिळतात. मूल आलं नाही तरी शिकवणाऱ्याचा पगार द्यावाच लागतो. या केंद्रांत कॉलेजात शिकणारी पोरं शिकवतात आणि वर्षभरात सोडून जातात, त्याचं कारण या आकड्यांत आहे.

हायस्कूलचा पैसा मात्र केंद्राचा. 2025च्या 1 जुलैला तो राज्यांना मिळायला हवा होता, आणि आदल्या दिवशी कळलं की तो रोखून धरला आहे. देशभर मिळून सुमारे 130 कोटी डॉलर. 16 जुलैला दहा रिपब्लिकन सिनेटरांनी पत्र लिहिलं आणि 18 तारखेला शाळेनंतरच्या कार्यक्रमांचा पैसा सुटला. मी ते पत्र मुद्दाम वाचलं. मुलांना शिकायला मिळतं हे त्यात होतंच, पण लगेच पुढे 1943चं कारण होतं: या कार्यक्रमांमुळे आईवडिलांना कामावर जाता येतं.