शेजाऱ्याला पटवा, मग उत्तर द्या

हार्वर्ड विद्यापीठातील एरिक माझूर यांचे विद्यार्थी पदार्थविज्ञानाची किचकट गणिते सोडवीत. मात्र अवजड ट्रक आणि छोट्या मोटारीच्या टकरीत कोण कोणावर अधिक बल लावते, या साध्या प्रश्नावर अडखळत. (बल समानच असते.) माझूर यांनी १९९१मध्ये व्याख्यानाला कात्री लावून ‘पीअर इन्स्ट्रक्शन’ सुरू केले. आधी एकट्याने उत्तर, मग शेजाऱ्याशी चर्चा, पुन्हा उत्तर. पहिल्या फेरीत साधारण ३० ते ७० टक्के उत्तरे बरोबर असतील, तरच चर्चा फलदायी ठरते. ज्याला नुकतेच उमगले, तो मित्राची अडचण प्राध्यापकापेक्षा चटकन ओळखतो, हे यामागील मर्म. हार्वर्डमधीलच २०१९च्या अभ्यासात कृतिशील वर्गातील विद्यार्थ्यांनी चाचणीत अधिक गुण मिळविले. ‘आपण कमी शिकलो’, असे मात्र त्यांना वाटत होते. सफाईदार व्याख्यान ऐकताना सारे समजल्याचा भास होतो, तो असा.